वजन कमी करायच्या कॅप्सूल घ्याव्यात का? थायरॉइडची गोळी चालू आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी बडोद्याला मांजलपूरमध्ये राहते. वय ४१, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७६ किलो. थायरॉइडची ७५ ची गोळी रोज उपाशीपोटी घेते, शेवटच्या रिपोर्टात टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि साखर दोन्ही नॉर्मल. धाकटी झाल्यापासून वजन वाढलं ते उतरतच नाही, जिना चढला की धाप लागते, आणि बीएमआय काढला तर तीसच्या वर येतोय, आपल्याकडे तर २५ च्या पुढेच लठ्ठपणा धरतात म्हणे.

नवरात्र जवळ आली की इथे जिमवाले, पार्लरवाले सगळे गरब्याच्या आधी वजन उतरवून देतो म्हणतात. आमच्या जाऊबाईंच्या जिममधल्या ट्रेनरने त्यांना एक कॉम्बो दिलाय, ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, गार्सिनिया आणि एक फॅट बर्नर, महिन्याचे ४२०० रुपये. त्यांचं थोडं उतरलंय पण त्यांनी फरसाण, रात्रीचा भात सगळंच बंद केलंय, मग कॅप्सूलने उतरलं की भात सोडल्याने हे कसं कळणार? त्या प्रेमानेच मलाही घे म्हणतायत म्हणून नाही म्हणवत नाही.

मी जरा वाचलं. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाच्याच जातीचं फळ, पण त्याच्या कॅप्सूलने लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत. ग्रीन टीच्या अर्कातून ईजीसीजी (ग्रीन टीतला मुख्य घटक) दिवसाला ८०० मिलीग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं तर लिव्हरचे एन्झाइम वाढू शकतात असं युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय, कपात पितो त्या चहाची गोष्ट वेगळी. डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर आहे, पण तो लायसन्सचा, त्याने वजन उतरतं हे काही सिद्ध होत नाही ना? फॅट बर्नरवर तर नुसतं ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहिलंय, कॅफिन किती ते कुठेच नाही, आणि मला आधीच धडधडतं.

थायरॉइड असताना कोणी असं काही घेतलंय का? खरंच फरक पडला का? ४२०० रुपयांत आहारतज्ज्ञांकडे जाणं जास्त बरं का? कृपया स्वतःचा अनुभव सांगा, विकायच्या लिंका नकोत.

प्रतिसाद:
ताई, माझं रावपुऱ्याकडे मेडिकल स्टोअर आहे, आणि असले डबे मीही विकू शकतो, तरी सांगतो, फॅट बर्नर तर अजिबात घेऊ नका. थायरॉइडची गोळी आणि वरून अंदाज नसलेलं कॅफिन, धडधड वाढेल. पूर्वी सिब्यूट्रामिन नावाचं वजनाचं औषध सर्रास मिळायचं, हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका दिसला म्हणून अमेरिकेत २०१० मध्ये बंद झालं, नंतर आपल्याकडेही, आणि तेच औषध ‘हर्बल’ डब्यांत भेसळ म्हणून सापडलेलं आहे. ट्रेनर चांगला माणूस असेल, पण डब्यात काय आहे ते त्यालाही माहीत नसतं.

फायबरची पावडर, कॅल्शियम, लोह यातलं काही घेत असाल तर थायरॉइडच्या गोळीत आणि त्यात चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर टेस्टच्या निदान दोन दिवस आधी थांबवा, टीएसएच खोटं कमी येऊ शकतं. वजन उतरवायची ऑर्लिस्टॅट गोळी किंवा हल्लीची इंजेक्शनं हवीच असतील तर ती औषधं आहेत, डॉक्टरांनी तपासून दिली तरच. जाऊबाईंनाही सांगा, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर कॅप्सूल लगेच बंद करून लिव्हरची टेस्ट करायची.

धागाकर्ती:
खूप आभार दादा, कॉम्बो घेत नाही, आणि जाऊबाईंना आजच फोन करते. अजून एक विचारू का, सकाळी गोळी घेतली की लगेच डब्याची गडबड आणि चहा, तर चहासाठी किती वेळ थांबायचं?

प्रतिसाद:
निदान अर्धा तास, तासभर थांबलात तर उत्तम. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या.