पुण्यातला ड्रायव्हिंगचा अनुभव ओंटारिओत धरून घ्यायचा तर काय करावं?

नमस्कार मंडळी,

कोथरूडहून लिहितेय. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं आणि पाच वर्षांची लेक कॅनडात, ओंटारिओतल्या ब्रॅम्प्टनला येतोय. माझं लायसन्स २०११ चं, एमएच-१२. तेव्हापासून गाडी रोज हातात आहे, हिंजवडीला जाणं-येणं माझं मीच करते. तिकडे मला अगदी नवशिक्यांत धरतील का? कार्ड दाखवून भागतं का? इंटरनॅशनल परमिट काढू का? लेकीला शाळेत सोडणं माझ्याकडेच येणार, म्हणून जरा काळजी वाटते.

---

ताई, नमस्कार.

मी ब्रॅम्प्टनशेजारच्या मिसिसॉगाचा, सध्या आईकडे डेक्कनला आलोय. तुम्ही अजून पुण्यात आहात हे फार बरं झालं. या कामातला महत्त्वाचा कागद इथेच मिळतो.

जर्मनी, जपान, ब्रिटनच्या लोकांना तिथे लायसन्स बदलून मिळतं, आपल्याला नाही. त्यामुळे जी-वनची, म्हणजे शिकाऊ लायसन्सची, लेखी परीक्षा द्यावीच लागेल. ४० प्रश्न, २० चे दोन भाग, प्रत्येकात १६ बरोबर यायला हवेत. पुस्तिका नीट वाचली की होते.

अडतं ते पुढे. नवशिक्याला जी-वननंतर १२ महिने थांबून जी-टूची (मधल्या टप्प्याच्या लायसन्सची) गाडी चालवून परीक्षा, पुन्हा १२ महिने थांबून जी, म्हणजे पूर्ण लायसन्स. बाहेरचा अनुभव धरला की हे थांबणं सुटतं. पण तुम्ही स्वतः लिहून दिलेला अनुभव १२ महिन्यांपर्यंतच मानतात. त्याहून जास्त हवा तर लायसन्स देणाऱ्या कार्यालयाचं किंवा आपल्या वकिलातीचं पत्र लागतं. दोन वर्षं सिद्ध झाली की थेट जीची परीक्षा देता येते. मी नुसतं कार्ड घेऊन गेलो होतो, त्यात माझं एक वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये असं मनापासून वाटतं.

त्या पत्रासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओतून लायसन्सचा उतारा घ्या. सारथी पोर्टलवर 'डीएल एक्स्ट्रॅक्ट' नावाने अर्ज आहे. हातात आला की तिथेच उभं राहून वाचा: पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख, गाडीचा प्रकार, मुदत, आणि सगळ्यात आधी नाव. तुमचं लायसन्स माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा, असं तर नाही ना? माझ्या बायकोचा अर्ज नेमका इथेच अडला. तसं असेल तर लायसन्सवरचं नाव बदलून मग उतारा काढा, आणि लग्नाचा इंग्रजी दाखला हातातल्या बॅगेत ठेवा.

परमिटचा अनुभवाचा पुरावा म्हणून उपयोग नाही. तिथे राहायला गेल्यावर पहिले ६० दिवस भारतीय लायसन्सवरच गाडी चालवता येते.

एक कळकळीने सांगतो. पत्र मिळालं म्हणून जीच्या परीक्षेला घाईने बसू नका. पहिल्या वेळी नापास झालात तर आधी जी-टू पास व्हावं लागतं. आपल्याकडे चांगली चालवणारी माणसंसुद्धा तिथे सवयींमुळे पडतात. स्टॉपच्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, समोर रस्ता मोकळा असला तरी. लेन बदलताना आरसा पाहून पुन्हा मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं, तेही परीक्षकाला दिसेल असं. स्कूलबसचे लाल दिवे लुकलुकले की समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं, मधे दुभाजक असेल तरच सूट. परीक्षेत हायवेही असतो. जी-वनवर ४०० च्या मालिकेतल्या वेगवान हायवेंवर फक्त परवानाधारक इन्स्ट्रक्टरबरोबर जाता येतं, म्हणून तीन-चार तास तरी शिकवणी लावा. त्या पैशांकडे बघू नका.

---

दादा, खूप आभार. आत्ता कपाटातून लायसन्स काढून पाहिलं. माहेरचंच नाव आहे! इतकी वर्षं कधी लक्षातच आलं नाही. लग्नाचा दाखला साताऱ्याला सासूबाईंकडे आहे. त्यांना फोन केलाय, धाकटे दीर रविवारी घेऊन येतायत. सोमवारी संगम पुलाला जाते आणि काय झालं ते इथे कळवते.