बँक आणि शेअरच्या व्यवहारांवर गरिबांसाठी कर लावावा का? सोलापूरकरांनो, बोला

घरकुलातली लेक:
परवा जेवताना आमच्या घरी यावरून कडाक्याचा वाद झाला, म्हणून इथे मांडते. शेअर, रोखे, चलन यांच्या सौद्यांवर किरकोळ कर लावायचा आणि तो पैसा गरिबांच्या दवाखान्यांवर, शाळांवर खर्चायचा. अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांनी १९७२ साली चलनाच्या सौद्यांवर कर सुचवला तो सट्टा आवरण्यासाठी. गरिबांसाठी निधी हा विचार त्याला नंतर जोडला गेला. युरोपीय आयोगाने २०११ साली शेअर-रोख्यांच्या सौद्यांवर ०.१ टक्का कर मांडला, तेव्हा तिथल्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोक बाजूने होते.

माझं मत, लावा. माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप, पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, दोरा. हजार भरल्याशिवाय उठत नाही आणि विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये त्यातल्याही काही नापास होतात. ती साबण घेते तरी कर भरते. मग लाखोंचा सौदा करणाऱ्यानं शंभराला दहा पैसे दिले तर काय बिघडलं?

मागवाला, अक्कलकोट रोड:
ताई, आईंना नमस्कार, पण मी विरोधात आहे. आज शेअरवर म्हणता, उद्या बँकेतल्या प्रत्येक व्यवहारावर येईल. कर बदलायला निघालेले ते अर्थक्रांती चळवळीवाले तर जवळपास सगळे कर काढून बँक व्यवहारावर एकच कर ठेवा, असं कधीपासून म्हणतात. माझ्या एका टॉवेलचा हिशेब बघा. सूतवाल्याचे पैसे, रंगाईचे, मागावरच्या कामगाराचे, मग शिलाई, पॅकिंग, शेवटी व्यापारी. दर ठिकाणी कर कापला जाणार. जीएसटीत मागचा कर वजा मिळतो, यात काय मिळणार? सगळं एका छताखाली करणारी मोठी गिरणी एक-दोनदा भरेल, आम्ही सहा वेळा. मग लोक पुन्हा रोखीवरच येतील की! ब्राझीलमध्ये असा कर आरोग्यासाठी म्हणून १९९७ ला सुरू झाला, ०.३८ टक्क्यांवर गेला आणि २००७ च्या अखेरीस त्यांच्या सिनेटनंच मुदतवाढ नाकारली.

घरकुलातली लेक:
काका, टॉवेलवर नकोच, हे मला पटलं. फक्त शेअर बाजारातल्या सौद्यांवर.

नवी पेठेतला:
तो कर आहेच. एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यांवरचा कर, २००४ पासून लागतो आणि ऑक्टोबर २०२४ पासून फ्युचर-ऑप्शनचा, म्हणजे पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांचा, दर वाढवलाय. मी ब्रोकरकडे कामाला आहे, रोज बघतो. भरणारे सगळे शेठ नसतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन खेळणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले. आमच्याकडे येणारी पोरं कारखान्यात बारा तास काढून मोबाईलवर ऑप्शन घेतात. बुडाली तरी कर द्यावाच लागतो. आणि दर फार चढवला तर मोठा पैसा बाहेर जातो. स्वीडननं १९८४ ला कर लावला, १९८६ ला दुप्पट केला, सौदे लंडनला गेले, १९९१ ला काढून टाकला.

लाल बावटा:
दोघांचंही ऐकलं. मला दराची काळजी नाही, पैसा कुठे जातो याची आहे. एसटीटी सरकारच्या सामायिक तिजोरीत जातो, गरिबाच्या नावावर एक रुपयाही राखून ठेवलेला नाही. उलट आपल्या महाराष्ट्रानं हे करून दाखवलंय. १९७५ चा व्यवसाय कर रोजगार हमीसाठीच बसवला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्यांना विचारा, हमीचं काम म्हणजे काय होतं.

आता विडीचंच घ्या. १९७६ च्या कायद्यानं विड्यांवर उपकर होता. त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुलं. २०१७ ला जीएसटी आला आणि तो उपकरच रद्द झाला. विडीवर कर आजही आहे, पण विडीवालीसाठी वेगळा ठेवलेला पैसा गेला. म्हणून कर लावा, पण आधी कायद्यात लिहा की हा पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही.

घरकुलातली लेक:
दादा, माझी दहावीची वह्या-पुस्तकं त्याच शिष्यवृत्तीतून आली होती. वादात हे सांगायचं राहूनच गेलं.

मागवाला, अक्कलकोट रोड:
पण कायद्यात लिहिलेलंही रद्द होतं, हे तुम्हीच आत्ता सांगितलं ना? २००५ ला रोख काढण्यावर हजाराला एक रुपया कर बसला, २००९ ला गेला, त्यातून गरिबाला काय मिळालं? शेअरवर लावा, माझी हरकत नाही. बँक खात्यावर आला तर मी रस्त्यावर उतरेन.