स्कॅनवरून घेतलेल्या देवनागरी अक्षरांच्या वक्ररेषा नितळ कशा कराव्यात?

प्रश्न:
बोरूने लिहिलेली देवनागरी अक्षरे स्कॅन करून मी फाँटफोर्ज या फाँट तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली आणि त्यांची बाह्यरेखा स्वयंचलित पद्धतीने काढून घेतली. ‘क’ची गोलाई आणि ‘ळ’ची वळणे मोठ्या आकारात पाहिली की काठांवर बारीक उंचवटे दिसतात, बाह्यरेखेवरचे बिंदू सरकवून एक घालवावा, तर शेजारी दुसरा उभा राहतो. बिंदू कमी करणारी ‘सिम्प्लिफाय’ आज्ञा वापरल्यास बिंदू कमी होतात, परंतु बोरूच्या टोकाचा तिरका छेदही बोथट होतो. शिवाय शब्द जुळवल्यावर शिरोरेषेत अक्षरांच्या मध्ये फिकट फट दिसते. मूळ वळण न बिघडवता हे कसे सुधारावे?

उत्तर १:
स्वयंचलित रेखेची डागडुजी करत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती कागदाचा खरखरीतपणा आणि शाईचा फुटवाही अक्षराचाच भाग समजून टिपते. स्कॅन पार्श्वभूमीच्या थरात ठेवा आणि त्यावर स्वतः नव्याने रेखाटा. वक्ररेषेच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला बिंदू द्या, तेथील हँडल (बिंदूतून निघणारी, वक्राचा आकार ठरवणारी दांडी) अगदी आडवे किंवा उभे ठेवा आणि मधला आकार हँडलच्या लांबीने साधा. पाव वर्तुळासाठी हँडल त्रिज्येच्या सुमारे 0.55 पट लांब लागते; तेथून सुरुवात करून डोळ्याला पटेपर्यंत ते कमीजास्त करावे.

मूळ फाइल अशा हँडलांनी आकार घेणाऱ्या घन (त्रिघाती) बेझिए वक्रांतच जपा. ट्रूटाइप या फाँट-प्रकारातील वक्र द्विघाती असल्यामुळे त्याची फाइल (टीटीएफ) तयार करताना बिंदू वाढतात, आणि ती फाइल पुन्हा उघडून त्यातच आकार सुधारणे फार कष्टाचे होते.

उत्तर २:
वरील सल्ला योग्य आहे, मात्र बोरूच्या अक्षरांसाठी त्याला एक पुस्ती जोडावीशी वाटते. बोरू तिरका धरला जात असल्याने गोलाईचा सर्वांत जाड भाग तिरक्या दिशेला येतो आणि बाहेरच्या रेषेचे टोक आतल्या रेषेच्या टोकासमोर पडत नाही. दोन्हीकडचे बिंदू समोरासमोर आणण्याचा हट्ट धरला, तर जाडी यंत्रवत वाटू लागते आणि ज्या लेखणीसाठी आपण एवढा खटाटोप करतो तिचाच ठसा पुसला जातो. म्हणून आधी स्कॅनवरून जाडी कोठे वाढते व कोठे सरते ते निश्चित करावे. टोकांचे बिंदू फाँटफोर्जच्या ‘ॲड एक्स्ट्रिमा’ या आज्ञेने नंतरही घालता येतात. छेदाच्या कोपऱ्यांवर मात्र कोनाचेच बिंदू ठेवा. ते वक्राचे केले की टोक गोलसर होते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘क’ नव्याने रेखाटला असून त्याची गोलाई आता नितळ दिसते. शिरोरेषेतील फट मात्र अजून आहे.

उत्तर ३:
शिरोरेषा अक्षराच्या रुंदीच्या सीमेवरच संपत असेल, तर पडद्यावर कडा मऊ करताना दोन अक्षरांच्या सांध्यावरचे पिक्सेल अर्धवट भरले जातात आणि तेथे फट दिसते. त्यामुळे शिरोरेषा सीमेच्या थोडी पलीकडे न्यावी, म्हणजे शेजारच्या अक्षराची रेषा तिच्यावर चढते. फाँटमधील अक्षराची चौकट हजार एककांची असेल, तर दहा-वीस एकके पुरतात. त्याहून अधिक वाढवल्यास अक्षरे अर्धपारदर्शक रंगात छापताना सांधा गडद दिसू शकतो. काना आणि शिरोरेषेला जोडणाऱ्या इतर मात्रांनाही हीच वाढ द्या, आणि शिरोरेषेच्या वरच्या व खालच्या कडेची उंची सर्व अक्षरांत तंतोतंत एकच आहे ना, हे तपासा. एका एककाचाही फरक मोठ्या मथळ्यात पायरीसारखा दिसतो.