शिट्टीत हरवलेली वाक्यं
तेनेरीफच्या विमान अपघाताचं सगळं खापर कुणी रेडिओवर बोलणाऱ्यांच्या उच्चारांवर फोडलं, तर ते मला अर्धंच पटतं. २७ मार्च १९७७ ला तेनेरीफ या स्पेनच्या बेटावर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन विमानं धावपट्टीवर धडकून ५८३ माणसं गेली, त्यात रेडिओचाही मोठा वाटा होता. एका फ्रिक्वेन्सीवर दोघांनी एकदम बटण दाबलं की ऐकणाऱ्याला नुसती शिट्टी ऐकू येते. टॉवर, म्हणजे विमानांना सूचना देणारा विमानतळावरचा कक्ष, उड्डाणासाठी निघालेल्या केएलएमला 'ओके' म्हणाला, मग 'थांबा, मी सांगतो'. नेमकं तेव्हाच धुक्यातून पॅन ॲमवाले सांगत होते, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. केएलएमला 'ओके' स्वच्छ ऐकू आलं, पुढचं शिट्टीत गेलं.

तरी 'धावपट्टी मोकळी झाली की कळवतो' हे पॅन ॲमचं नंतरचं उत्तर पोचलं होतं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने लगेच शंका काढली, पॅन ॲमवाले बाजूला झालेले नाहीत का? कॅप्टनने ठासून झालेत म्हटलं. तिथे टॉवरला पुन्हा विचारायलाच हवं होतं.