ब्रॉडकास्टिंगची अर्धवट राहिलेली पदवी ऑनलाइन पूर्ण करावी का? (जरा भांडूया)

रात्रपाळी
दोन वर्षं कॉलेज नीट केलं, तिसऱ्या वर्षाच्या तोंडाशी एका रेडिओ स्टेशनात पार्टटाइम बोर्ड ऑपरेटरचं (बोर्ड म्हणजे आवाज कमीजास्त करायचं मिक्सिंग कन्सोल) काम मिळालं आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. त्याला आता अकरा वर्षं झाली. मध्ये दोनदा प्रोड्युसरच्या जागेसाठी अर्ज केला, दोन्ही वेळा 'किमान पात्रता : पदवी' या एका ओळीवर गाडी अडली. ज्या पोराला मी फेडर (आवाज वरखाली करायची सरकपट्टी) कसा उचलायचा इथपासून शिकवलं तो आता माझा सुपरवायझर आहे. राग नाही. म्हणजे आहे, थोडासा.

तर माझं मत असं की ज्याचा हात बोर्डवर आधीच बसलाय त्याने उरलेली पदवी ऑनलाइनच करावी, नोकरी सोडून पुन्हा वर्गात बसायचा वेडेपणा करू नये. कारण आमचं जे राहिलंय ते हाताचं नाहीच, डोक्याचं राहिलंय. मीडिया लॉ, एथिक्स, ऑडियन्स रिसर्च, लेखन. हे वाचून, लिहून, कुणाकडून तपासून घेऊन होतं, त्याला स्टुडिओ लागत नाही. बोला आता, झोडा मला.

डेड_एअर
झोडतोच. ब्रॉडकास्टिंग हा एकट्याने खोलीत बसून शिकायचा विषयच नाही. पीसीआरमध्ये (स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये) डायरेक्टर ओरडतोय, व्हिजन मिक्सरवाल्याचा (पडद्यावरचा कॅमेरा बदलणाऱ्याचा) हात बटणावर, फ्लोअर मॅनेजर बोटांवर उलटी मोजणी करतोय, पाहुणा अजून मेकअपमध्ये, आणि तीस सेकंदात लाइव्ह जायचंय. हे कोणत्या व्हिडिओ लेक्चरमध्ये शिकवणार? तिथे पॉज दाबता येतो. इथे पॉज दाबला की माझं हे टोपणनाव तयार होतं, डेड एअर, म्हणजे प्रसारणात नुसती शांतता.

मागे आमच्याकडे एक मुलगा आला, पूर्ण पदवी ऑनलाइन, एडिटिंग सुंदर, स्क्रिप्ट नेटकी. पहिल्याच लाइव्ह फोन-इनला फोनवरचा माणूस अडखळायला लागला, शब्द तोडतोय, थांबतोय, पुन्हा सुरू करतोय. ह्याला वाटलं माणूस घाबरलाय. अरे बाबा, त्याला त्याचाच आवाज उशिरा परत ऐकू जात होता! आपला आवाज सेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्श्याने उशिरा कानात आला की भलाभला बोलणारा तोतरा होतो. म्हणून फोनवाल्याला मिक्स-मायनस द्यायचा असतो, म्हणजे सगळ्यांचा आवाज, फक्त त्याचा स्वतःचा वगळून. मुलाने व्याख्या घडाघडा सांगितली, नंतर. बोर्डवर कुठून द्यायचा ते माहीत नव्हतं.

रात्रपाळी
@डेड_एअर अहो पण हे तर माझ्याच बाजूचं झालं की. मिक्स-मायनस मी झोपेत देतो. तुमचा मुलगा कधी बोर्डवर बसलाच नव्हता आणि मी बोलतोय ते बसलेल्यांबद्दल. आणि वर्गात बसून तरी काय मोठं मिळतं? आमच्या कॉलेजात स्टुडिओचा तास पंधरवड्यातून एकदा, वीस जणांची बॅच, कॅमेऱ्यावर दोन-तीन उत्साही मंडळी कायमची चिकटलेली. मी दोन वर्षं केबल गुंडाळल्या. चांगल्या गुंडाळतो, तेवढं श्रेय कॉलेजला.

मीटर_लाल
मी हे केलंय म्हणून लिहिते. शेवटची तीन सेमिस्टर ऑनलाइन, नोकरी करत.

रात्रपाळी, तुमचं 'हाताचं काही राहिलं नाही' हे वाक्य मात्र मला खटकलं, मीही असंच समजत होते. पहिल्या ऑडिओ असाइनमेंटला पाच मिनिटांचं फीचर पाठवलं आणि ते परत आलं, शेरा काय तर लाउडनेस चुकीचा. मी चिडले, आठ वर्षं हेच करतेय आणि मला शिकवतात! मग कळलं की मी आठ वर्षं नुसता पीक मीटर (आवाजाची क्षणाक्षणाची टोकं दाखवणारा) बघत होते, काटा लाल होत नाही ना एवढंच. युरोपातल्या प्रसारणाचा जो आर १२८ नियम आहे तो पूर्ण कार्यक्रमाचा सरासरी जाणवणारा आवाज मोजतो, उणे २३ एलयूएफएसवर (जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आणायचा, अमेरिकेत साधारण उणे २४. पीक सारखाच असलेल्या दोन क्लिप कानाला एक शांत आणि एक अंगावर आल्यासारखी का वाटते त्याचं उत्तर हे आहे, जाहिराती किंचाळतात ते याच फटीतून. ऑफिसात मला कुणी सांगितलंच नव्हतं कारण पुढे प्रसारणाआधीचा ऑडिओ प्रोसेसर सगळं दाबून सपाट करायचा. कामावर आपण काम चालण्यापुरतंच शिकतो हो.

आता व्यवहाराचं. जुने क्रेडिट (आधी पास केलेल्या विषयांचे श्रेयांक) सगळे धरतील या भ्रमात राहू नका. माझे थिअरीचे बहुतेक धरले, टेक्निकल विषयांचे नाही धरले कारण तेव्हा आम्हाला टेपवरचं एडिटिंग शिकवलं होतं. शिवाय किमान अमुक क्रेडिट त्याच विद्यापीठातून घेतलेले हवेत असा नियम बहुतेक ठिकाणी असतो, त्यामुळे 'दोनच विषय राहिलेत' म्हणणाऱ्याचे प्रत्यक्षात दहा निघतात. प्रवेशाआधी लेखी मूल्यमापन मागून घ्या, फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका, मी गेले होते.

आणि ग्रुप प्रोजेक्ट. चार जण, चार वेळापत्रकं. त्याबद्दल न बोललेलं बरं.

कागदवैरी
मला एक कळत नाही, पदवी हवीच कशाला. लाइव्ह प्रसारणाचं सॉफ्टवेअर ओबीएस फुकट, आवाज एडिट करायचं ऑडॅसिटी फुकट, व्हिडिओ एडिटिंगच्या डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्तीसुद्धा धंद्यापुरती पुरते. स्वतःचा शो काढा, शोरील (आपल्या कामाच्या नमुन्यांचा व्हिडिओ) बनवा, लोकांना दाखवा. काम बोलतं, कागद नाही.

डेड_एअर
काम बोलतं, पण पदवीशिवाय ज्याचा अर्जच उघडत नाहीत त्याचं काम ऐकणार कोण? धागाकर्त्याचा प्रॉब्लेमच तो आहे. आणि शोरीलमध्ये तुम्ही काय दाखवलंत ते दिसतं, काय दाखवायचं नाही म्हणून कापलंत ते कुठे दिसतं? अल्पवयीन पीडितेचा चेहराच नव्हे तर तिच्या घराचं दारसुद्धा फ्रेममध्ये येऊ द्यायचं नाही, आरोपीला निकालाआधी गुन्हेगार म्हणायचं नाही, हे ओबीएस सांगत नाही. माझा विरोध पदवीला नाहीच, घरबसल्या पदवीला आहे. एथिक्ससुद्धा भांडून शिकायचा विषय आहे. आमच्या वर्गात एका फुटेजवरून दोन तास भांडण झालं होतं, ते अजून आठवतं. ऑनलाइन कोर्सच्या डिस्कशन बोर्डवर रविवारी रात्री 'मी आपल्या मताशी सहमत आहे' लिहून गुण घेतात, त्याला मी भांडण म्हणत नाही.

मीटर_लाल
😂 रविवारी रात्री ११.५० ला. हे मान्य.

जुना_अँटेना
गंमत वाटते वाचून. दूरशिक्षण आणि प्रसारण या सख्ख्या बहिणी आहेत राव. ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी १९६९ साली स्थापन झाली, १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले, आणि त्यांचे पाठ बीबीसीच्या टीव्ही-रेडिओवरून जायचे, नंतर नंतर तर लोक झोपलेले असतात अशा वेळी. हे पाठ २००६ पर्यंत चालू होते. पण टीव्हीवर सगळं होत नाही हे त्यांनाही पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून विज्ञानवाल्यांना प्रयोगाचं सामान पोस्टाने घरी जायचं आणि उन्हाळ्यात आठवडाभर प्रत्यक्ष शिबिर असायचं. ब्रॉडकास्टिंगच्या ऑनलाइन कोर्समध्ये असं आठवडाभर स्टुडिओत बोलावतात का ते विचारा. बोलावत नसतील तर डेड_एअर यांचं म्हणणं मला पटतं.

नवखी
मी आत्ताच बारावी झाले, बोर्ड वगैरे कधी बघितलापण नाही. पहिल्यापासून सगळंच ऑनलाइन केलं तर चालेल का?

रात्रपाळी
@नवखी नको. माझं सगळं वरचं बोलणं तुला लागू नाही. आधी केबल गुंडाळ.

डेड_एअर
@नवखी तो म्हणतोय ते ऐक, आणि कॅमेऱ्यावर चिकटून बसणाऱ्यांना ढकल. @रात्रपाळी तुम्ही जरूर करा ऑनलाइन, पण दोन वर्षांनी येऊन सांगा एथिक्सवर कुणाशी भांडलात ते. माझं मत बदललेलं नाही.

मीटर_लाल
@रात्रपाळी अजून एक राहिलं. काही ठिकाणी कामाच्या अनुभवाचेही क्रेडिट देतात, नुसतं 'अकरा वर्षं केलं' म्हणून नाही, पोर्टफोलिओ करावा लागतो. कामाचे नमुने, प्रत्येक नमुन्यातून काय शिकलात त्याचं लेखन, आणि सध्याच्या सुपरवायझरचं सही-शिक्क्याचं पत्र.

रात्रपाळी
सध्याच्या सुपरवायझरचं.

म्हणजे त्या पोराचं. बरं. उद्या शिफ्ट संपताना गाठतो त्याला.