सल्ला हवा: दोनशिक्षकी शाळा, एकच टीव्ही, तिसरी-चौथीची मुले बोलती कशी करावीत?

जावळीतील_शिक्षिका

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात, कोयनेच्या जलाशयाकाठी असलेल्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी आणि चौथी हे दोन्ही वर्ग एकत्र घेते. ग्रामस्थांनी लोकवर्गणीतून मोठा टीव्ही घेऊन दिला आहे, एक जुना लॅपटॉप आहे आणि माझा स्वतःचा फोन आहे. मुलांच्या हातात देण्यासाठी टॅबलेट नाहीत, आणि घरातला चांगला फोन बहुधा वडिलांबरोबर मुंबईला असतो. रेंज फक्त व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात मिळते. पावसाळ्यात तीही भरवशाची नाही.

माझी अडचण अशी की टीव्ही लावला की वर्ग शांत होतो, आणि मला नेमके हेच खटकते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमधील व्हिडिओ मी आधी उतरवून ठेवते, मुले ते मन लावून पाहतात, गाणे असेल तर पुन्हा लावायचा आग्रहही धरतात. परंतु त्यानंतर प्रश्न विचारला की नेहमीचीच चार-पाच मुले हात वर करतात आणि बाकीची माझ्या तोंडाकडे पाहत बसतात. चौथीसाठी टीव्ही चालू असताना तिसरीला कोणत्या कामात गुंतवावे, हा आणखी एक प्रश्न आहे.

मुलाला स्वतः काहीतरी करावे, सांगावे किंवा ठरवावे लागेल अशी साधने कोणी प्रत्यक्ष वर्गात वापरली आहेत का? शक्यतो विनामूल्य, मराठीत चालणारी आणि नेटवर फारशी अवलंबून नसलेली असावीत. केवळ ॲपची नावे न देता ते वर्गात कसे चालते हेही कृपया लिहावे, कारण नावांच्या याद्या आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या समूहाच्या) व्हॉट्सॲप गटावर रोजच येतात.

वाळव्याचे_गुरुजी

मॅडम, शिक्षकाचा एकच फोन असेल तर माझी पहिली शिफारस प्लिकर्स या प्रश्नोत्तरांच्या ॲपची आहे. यात मुलांच्या हातात कोणतेही यंत्र द्यावे लागत नाही. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेले एक कार्ड मिळते, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे अगदी बारीक छापलेली असतात. आपले उत्तर ज्या अक्षराचे, ती बाजू वर करून मुलाने कार्ड धरायचे आणि आपण फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोणी कोणते उत्तर दिले याची नोंद आपोआप होते. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून आपले कार्ड फिरवणे जमत नाही. जी मुले चुकण्याच्या भीतीने हात वर करत नाहीत, ती येथे निर्धास्तपणे उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

मात्र सगळी गंमत प्रश्नाच्या पर्यायांत आहे. माझ्या वर्गात चाललेले एक उदाहरण देतो. ३०५ वजा ७८ हे गणित घ्या. बरोबर उत्तर २२७. चुकीचे पर्याय मनाला येतील ते लिहिले तर त्यातून काहीही कळत नाही, म्हणून मी ३७३, २३७ आणि ३२७ हे तीन पर्याय दिले. ३७३ निवडणारे मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत असते, वरचा कोणता आणि खालचा कोणता याकडे त्याचे लक्षच नसते. २३७ निवडणाऱ्याने शतक सुटे करून दहा दशक केले, त्यातला एक दशक एककांना दिला, पण उरलेले दशक नऊच आहेत हे तो विसरला. ३२७ वाला शतकाच्या घरातला एक कमी करायचा विसरला. म्हणजे वर्गावरून फोन फिरवून होईपर्यंत कोणत्या मुलाबरोबर कोठून सुरुवात करायची ते कळलेले असते. त्यानंतर मी लगेच उत्तर सांगत नाही. शेजारच्याला आपले उत्तर पटवून द्या, असे सांगतो आणि थोड्या वेळाने तीच कार्डे पुन्हा वर करायला लावतो. वर्गात खरी बोलाचाली या मधल्या वेळात होते, आणि कधी कधी ती इतकी वाढते की शेजारच्या वर्गातील बाई दारात येऊन उभ्या राहतात.

मर्यादाही सांगतो. याला नेट लागते आणि विनामूल्य खात्यात एका संचात मोजकेच प्रश्न ठेवता येतात. प्रश्न फळ्यावर लिहिला तर टीव्हीची गरज पडत नाही. खात्यात मुलांची नावे भरू नयेत, हजेरी क्रमांक पुरेसा आहे.

खटावकर_पाटीपेन्सिल

गुरुजींचे पर्यायांविषयीचे म्हणणे शंभर टक्के मान्य. परंतु हेच काम पाटीवर होते. सर्वांनी उत्तर पाटीवर लिहायचे, आकडे मोजून झाले की एकदम पाट्या वर धरायच्या. यासाठी रेंज, खाते, छपाई यांपैकी काहीही लागत नाही.

वाळव्याचे_गुरुजी

सर, पाटी उत्तमच आहे आणि जेथे रेंज नाही तेथे मीही तीच वापरतो. फरक इतकाच की पाटी पुसली की पुरावाही पुसला जातो. प्लिकर्समध्ये महिन्यानंतरही तेच मूल तीच चूक करते आहे का, हे पाहता येते, आणि पालकसभेत दाखवायला काहीतरी हाताशी असते.

जत_सीमेवरून

माझी शाळा जत तालुक्यात आहे आणि वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते, त्यामुळे मुले बोलत नाहीत ही तक्रार माझ्या चांगल्या परिचयाची आहे. मला सर्वाधिक उपयोग प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हरचा झाला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर मराठी, कन्नड आणि इतर अनेक भाषांतील चित्रकथा मुक्त परवान्याखाली आहेत. वाचनपातळीनुसार त्यांचे चार स्तर केलेले आहेत आणि पीडीएफ उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येते, म्हणजे शाळेत नेटची गरजच उरत नाही.

मी गोष्ट वाचून दाखवत नाही. टीव्हीच्या पडद्यावर मजकुराच्या जागी जुन्या कॅलेंडरची पट्टी चिकटवते आणि केवळ चित्र दाखवते. काय चालले असेल, पुढे काय होईल, हे मुले ज्या भाषेत येईल त्या भाषेत सांगतात. मग मराठी चांगली येणारी मुले तेच मराठीत सांगतात आणि मी ती वाक्ये फळ्यावर लिहिते. सर्वांत शेवटी पट्टी काढून मूळ मजकूर वाचायचा. आपण सांगितलेली गोष्ट आणि छापलेली गोष्ट यांत काय वेगळे आहे यावर मुले इतकी भांडतात की वाचन हे काम आहे याचे भान त्यांना राहत नाही. काही गोष्टींना आम्ही फोनवर मुलांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण जोडले. स्वतःचा आवाज टीव्हीतून ऐकला की एरवी तोंड न उघडणारी मुलगीसुद्धा 'बाई, माझे परत घ्या, माझा आवाज बारीक आला' असे सांगायला पुढे येते. ही ध्वनिमुद्रणे मी पालकांना विचारल्याशिवाय कोणत्याही गटावर टाकत नाही.

तिसरीच्या प्रश्नासाठी गूगलचे रीड अलाँग पाहा. मूल मोठ्याने वाचते, ॲपमधील दिया नावाचे पात्र ऐकते आणि मूल अडखळले तर शब्द उच्चारून दाखवते. मराठी गोष्टी एकदा उतरवून ठेवल्या की नेट लागत नाही. वर्गातील गोंगाटात मात्र त्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून एक-एक मूल माईकचा इअरफोन लावून व्हरांड्यात बसते आणि बाकीची तिसरी आपले लेखन करत राहते.

निवृत्त_केंद्रप्रमुख_कडेगाव

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून थोडा अडसर घालतो. १९८४ मध्ये शालेय कार्यक्रम तयार करणारी बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली तेव्हाही वर्गात दूरचित्रवाणी आली की शिकवणे बदलेल, अशीच हवा होती. पुढे मी शाळा तपासायला जात असे तेव्हा कित्येक ठिकाणी तो संच कुलूपबंद कपाटात, वर फुलाफुलांचे कापड घालून ठेवलेला दिसे. संच बिघडेल या धास्तीपायी तो कोणी वापरतच नसे. आज मला उलटी धास्ती वाटते. टीव्ही दिवसभर चालू राहतो आणि शिक्षक त्याच्याकडे पाठ करून ऑनलाइन माहिती भरत बसतो. यात सगळा दोष शिक्षकाचा नाही, हेही मी जाणतो.

मॅडमना दोन गोष्टी सुचवतो. पहिली, पडद्याची वेळ ठरवून घ्यावी. केंद्र सरकारच्या २०२० च्या प्रज्ञाता मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीच्या ऑनलाइन वर्गांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोन सत्रांची कमाल मर्यादा होती, आणि ती शाळा बंद असतानाच्या काळातली होती. मुले समोर बसलेली असताना त्याच्या निम्माही वेळ लागू नये. दुसरी, फोनवरचा गृहपाठ देऊ नये. आमच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसतात. गाव एवढे ठरवत असताना शाळेनेच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर स्वाध्याय पाठवला तर पालकांनी कोणाचे ऐकावे?

वाईचा_भूगोलवेडा

केंद्रप्रमुख साहेबांचा मुद्दा योग्य आहे. तरीही काही गोष्टी फळ्यावर दाखवताच येत नाहीत आणि पडदा तेवढ्यासाठीच वापरावा, असे माझे मत आहे. मॅडम, आपली मुले तर प्रत्यक्ष जावळीच्या खोऱ्यात राहतात. चौथीला शिवचरित्र शिकवताना १० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडाची भेट येते. अफझलखानाचा तळ वाईला होता आणि त्याला रडतोंडीच्या घाटाने पार गावाकडे उतरावे लागले, हे वाक्य मुले पाठ करतात, पण हे ठिकाण का निवडले ते त्यांना उमगत नाही. गूगल अर्थमध्ये प्रतापगड उघडा, नकाशा सपाट न ठेवता तिरका करा आणि वाईकडून गडाकडे दृष्टी वळवा. हत्ती, उंट आणि तोफा घेऊन कोठून उतरता येईल, हे मुलांना पडद्यावर बोटाने दाखवायला सांगा. बोट दरीत अडकले की मुले आपोआप वाद घालू लागतात, आणि गडावर बसलेल्या माणसाला काय काय दिसत असेल हा प्रश्न तीच विचारतात.

त्यानंतर आपले गाव शोधायला लावा. शाळेचे पत्रे, होडीचा धक्का, आपले घर. संगणकावरील गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या काळातील उपग्रहचित्रे पाहण्याची सोय आहे. शिवसागराचे, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचे, पाणी उन्हाळ्यात कोठपर्यंत मागे सरते ते त्यात दिसते. धरणात गेलेली गावठाणे कोणत्या बाजूला होती, हे घरी आजोबांना विचारून यायला सांगा. रेंजची काळजी नको. नेट असेल तेथे लॅपटॉपवर तो भाग जवळून पाहून ठेवला की त्याची चित्रे संगणकात साठून राहतात आणि शाळेत नेटशिवाय दिसतात. आदल्या दिवशी एकदा नेट बंद करून तपासून घ्यावे.

गणितासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट प्रकल्प आहे. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो सुरू केला. त्यातील अनेक प्रतिकृती (पडद्यावर स्वतः बदल करून पाहता येणारे प्रयोग) मराठीत आहेत आणि उतरवून घेतल्या की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात. अपूर्णांकांची प्रतिकृती उघडण्यापूर्वी एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, हे पाटीवर लिहून घ्या. तीनपेक्षा चार मोठा म्हणून बरीच मुले एक चतुर्थांश लिहितात. मग एका मुलाला लॅपटॉपपाशी बसवा, परंतु त्याने स्वतःच्या मनाने काही करायचे नाही. वर्गाने तोंडी सूचना द्यायच्या आणि त्याने तेवढेच करायचे. सूचना अर्धवट असेल तर काम अडते, म्हणून मुलांना पूर्ण वाक्य बोलावेच लागते.

जावळीतील_शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. केंद्रप्रमुख साहेबांच्या सूचनेप्रमाणे घरचा गृहपाठ वहीतच ठेवणार आहे. प्रतापगड आणि स्टोरीवीव्हर याच महिन्यात घेते, कारण दोन्हींना शाळेत नेट लागत नाही. रविवारी साताऱ्याला गेले की पेनड्राइव्ह भरून आणीन. प्लिकर्सविषयी दोन शंका आहेत. कार्डे लॅमिनेट करावीत का? आणि तिसरी-चौथी एकत्र बसत असतील तर दोघांना एकच प्रश्न कसा द्यावा?

वाळव्याचे_गुरुजी

चकचकीत लॅमिनेशन टाळावे, कारण खिडकीचा उजेड त्यावर पडला की कॅमेरा आकृती ओळखत नाही. जाड साध्या कागदावर छापून मागे पुठ्ठा चिकटवावा, आणि धरताना बोटे काळ्या भागावर येणार नाहीत हे मुलांना पहिल्याच दिवशी दाखवावे. ॲपमध्ये दोन वर्ग वेगळे करण्यापेक्षा सर्वांचा एकच वर्ग करून क्रमांक सलग द्यावेत. तिसरीला एक ते वीस आणि चौथीला एकवीसपासून पुढे दिले की निकाल पाहताना गट लगेच वेगळे दिसतात. फळ्याचे दोन भाग करून डावीकडे तिसरीचे आणि उजवीकडे चौथीचे गणित लिहावे. बरोबर उत्तराचे अक्षर दोन्हीकडे एकच ठेवले की एकदाच कॅमेरा फिरवून काम होते. तिसरीतली एक-दोन मुले हळूच उजवीकडचे गणित सोडवू लागतील. त्यांना अडवू नये.

जत_सीमेवरून

कॅमेरा फिरवायचे काम व्हरांड्याच्या कोपऱ्यात वर्ग बसवून करता येईल ना, मॅडम? रेंज तेथेच आहे म्हणालात, आणि फळ्याऐवजी गुंडाळफळा भिंतीला टांगला की झाले.