अनुभव धागा: फारसा कुणाला ठाऊक नसलेला प्रोग मेटल (गुंतागुंतीच्या तालांचं, जड गिटारचं रॉक संगीत) बँड तुम्हाला कसा सापडला?

बडोदेकरहो, ड्रीम थिएटर हा या प्रकारातला प्रसिद्ध बँड सगळ्यांनाच माहीत आहे. त्यापलीकडचं, गुंतागुंतीचं, आपल्या गावात कुणी नावही न घेतलेलं असं काही तुमच्या कानावर कसं पडलं, ते सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात. बोर्कनागार हा नॉर्वेचा मेटल बँड ऐकताना त्यांचा ड्रमर आस्गाइर मिकेल्सन मनात भरला. हा माणूस आणखी कुठे वाजवतो ते धुंडाळत गेलो आणि नॉर्वेचाच 'स्पायरल आर्किटेक्ट' हाती लागला. सगळा मिळून एकच अल्बम, 'अ स्केप्टिक्स युनिव्हर्स'. लार्स नॉरबर्गचा बेस (खालच्या सुरांची गिटार) त्यात गिटारच्या मागे उभा राहत नाही, तिच्याशी वाद घालतो. दांडिया बाजारातल्या आमच्या माडीवर मी रात्र रात्र फक्त बेस ऐकायचो. एवढं करून ठेवलेल्या माणसांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

रूपक_सात
मी परफॉर्मिंग आर्ट्सला तबला शिकत होतो. होस्टेलवरच्या मित्राने पेन ड्राइव्हमध्ये टेक्सासच्या वॉचटॉवर बँडचा 'कंट्रोल अँड रेझिस्टन्स' हा अल्बम दिला, १९८९ चा. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे तेच कळेना! टाळी-खाली धरायला जावं तर दोन आवर्तनांत हात अडकायचा.
उलगडा झाला तो मेशुगा या स्वीडिश मेटल बँडमुळे. त्यांच्याकडे बऱ्याचदा झांज सरळ चार मात्रांत चालते आणि गिटार वेगळ्याच हिशोबाने फिरते. समजा गिटार सातात आहे. मग सातची चार आवर्तनं आणि चारची सात, दोन्ही अठ्ठावीसाव्या मात्रेला संपतात आणि पुढच्या मात्रेवर एकत्र येतात. हे मी मांडीवर वाजवून पाहिलं, डाव्या हाताने चार, उजव्याने सात. सम सापडली तेव्हा तिहाई (तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा) जागेवर पडल्यावर होतो तोच आनंद झाला. वॉचटॉवरकडे परत गेलो तेव्हा तिथे असं ठरलेलं गणित मिळालं नाही, मात्रा सतत बदलतात. पण आता कान घाबरत नव्हता.

सूरसागरकाठी
माझा बँड सिनिक, फ्लोरिडाचा. 'फोकस' १९९३ चा. अँड्र्यू चक्रीवादळामुळे त्याचं काम लांबलं होतं. यंत्रातून आल्यासारखा गाण्याचा आवाज ऐकून दादा म्हणाला, "ताई, बंद कर ते." मला मात्र शॉन मेलोनच्या बेसने धरून ठेवलं. त्या बेसला पडदे (दांडीवरच्या सुरांच्या आडव्या पट्ट्या) नाहीत, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर तो घसरत जातो. आई गाणं शिकवते, मींड म्हणजे काय हे घरातच ऐकलेलं. तिला तेवढाच तुकडा हेडफोनवर ऐकवला. ती म्हणाली, "परत लाव." २०२० मध्ये आधी ड्रमर शॉन रेनर्ट गेला, मग मेलोनही. दोन्ही वेळा मी दिवसभर 'फोकस'च लावून ठेवला होता.

फतेहगंज
सीजेस इव्हन, जर्मनी. 'लाइफ सायकल', १९८८. ड्रम आणि बेसवर होल्झवार्थ बंधू. गाडी चालवताना ऐकू नका, लक्ष उडतं.

मांडवीकर
थोडं वेगळं मत. अवघड आहे म्हणूनच चांगलं, असं मी मानत नाही. स्पायरल आर्किटेक्ट ऐकून थक्क झालो, पण गुणगुणावं असं काही उरलं नाही. सिनिकचं उरतं.

धागाकर्ता
मांडवीकर, एकदा गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त बेसची ओळ गुणगुणून बघा. मला ती आख्खी पाठ आहे. रूपक_सात, तुमच्याकडचा वॉचटॉवर मला हवाय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.